आधी वारा, मग आग

"सर, ये आपके घर का है क्या?" असं विचारत कंपनीच्या माणसानं पाइपाच्या तोंडातून पंचा ओढायला सुरुवात केली, आणि तो पंचा बराच वेळ बाहेर येतच राहिला. पांढरा, तांबड्या काठाचा, चुंबळीसारखा घट्ट वळून आत बसवलेला. तो माणूस बाल्कनीत स्टुलावर उभा होता. त्याच्या मागे अकरा मजले खोल धुकं होतं, समोरचा टॉवर दिसत नव्हता आणि जानेवारीतल्या रविवारचे साडेदहा वाजले तरी सूर्याचा पत्ता नव्हता. पंचा अर्धा आत होता तेव्हाच तो कुणाचा हे मला कळलं होतं. तरी मी म्हणालो, "बच्ची ने डाल दिया होगा." वीस वर्षं सरकारी नोकरी केली की जबाबदारी खालच्या पायरीवर सरकवायला विचार करावा लागत नाही, ती आपोआप सरकते. माझ्या घरातली सगळ्यात खालची पायरी म्हणजे दहा वर्षांची कादंबरी, आणि ती दाराशीच उभी होती. त्या माणसानं पंच्याचं एक टोक उचललं. टोकाला गाठ होती. ती त्यानं सोडवली तर आत चार स्क्रू. "जाली के स्क्रू हैं, सर," तो म्हणाला. "बच्ची ने पेंचकस से जाली खोली, स्क्रू गाँठ में बाँधे, फिर कपड़ा लगाया?" तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच नवल वाटत होतं. मग जाळी परत बसवताना त्यानं मला समजावलं की पाणी तापवायचं हे मशीन चांगलं आहे, धुराचा रस्ता बंद दिसला की ते पेटायलाच नकार देतं, म्हणून तर आठवड्यात तीन वेळा बंद पडलं. "पुराना वाला होता तो जलता रहता सर, और गैस घर के अंदर. उसमें न बू होती है न रंग. बस नींद आती है." एवढं बोलून तो स्टुलावरून उतरला, आणि मी त्याला चहा विचारायचाही विसरलो.

पंचा माझ्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा. गुलाबराव हे त्यांचं नाव, वय एकोणऐंशी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर छत्तीस वर्षं बॉयलर अटेंडंट. गाठही त्यांचीच. काढलेला बोल्ट किंवा स्क्रू जमिनीवर ठेवायचा नाही, पंच्याच्या टोकाला बांधायचा, आणि गाठीनंतर बोटभर टोक मोकळं सोडायचं म्हणजे अंधारातही सुटते, हे त्यांनी मला सायकलचं चाक उघडताना शिकवलं होतं. तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. मला आजही तशीच गाठ येते. दिल्लीला परीक्षेच्या तयारीसाठी आलो तेव्हा कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसमध्ये दोन रात्री राहिलो होतो, आणि बॅगेच्या चेनचा दांडा तुटला म्हणून तिथल्या शिपायासमोर ती गाठ मारली होती. तो म्हणाला होता, कारखान्यावरचे का तुम्ही? गाठीवरून माणूस ओळखला जातो याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. आज बाल्कनीत त्या सुटलेल्या गाठीचं टोक हातात धरून उभा राहिलो आणि वाटलं, गाठीवर कुणाचं नाव नसतं तर किती बरं झालं असतं.

हे मशीन आणलं ते अप्पांसाठीच. आई गेली आणि दोन वर्षांपूर्वी मी त्यांना इकडे नोएडाला आणलं. पहिल्याच थंडीत त्यांच्या पायांची बोटं जांभळी होऊन सुजली. छत्तीस वर्षं आगीच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस, त्याला दिल्लीच्या गारठ्यानं रडवलं. विजेचा हीटर लावला की त्यांचं डोकं दुखायचं. खिडकी उघडावी तर बाहेरची हवा अशी की शाळा बंद ठेवतात, म्हणून सगळं घर फटीफटीतून बंद, आणि कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं यंत्र घरघरत असायचं. मग माझ्या बायकोनं, क्षिप्रानं, शोधून शोधून हे काढलं. पाइपाच्या गॅसवर चालणारं, भिंतीवर टांगलेलं पांढरं कपाट. आंघोळीचं पाणी तापवतं आणि अप्पांच्या खोलीतला रेडिएटरही. बाहेरचीच हवा आत ओढतं आणि धूर बाहेरच सोडतं, घरातल्या हवेला हात लावत नाही. कंपनीचा विक्रेता त्याला बॉयलर म्हणाला. सोफ्यावर पेंगत बसलेले अप्पा एकदम ताठ झाले. "बॉयलर? घरात?" त्यांनी चष्मा मागितला. आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं.

बसवला त्या दिवशी ते त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले, नव्या जावयाला बघावं तसे. विक्रेत्यानं बटण दाबलं. आधी पंखा फिरला, नुसताच, बराच वेळ. मग टिक टिक टिक, आणि मग एका लहानशा काचेमागे निळी ज्योत. अप्पांनी मान हलवली. "शिकलेला आहे," ते म्हणाले. "आधी वारा, मग आग. भट्टीत आदला गॅस साठलेला असतो, तो आधी बाहेर घालवायचा. दोन मिनिटं नुसता वारा. ज्याला हे कळत नाही त्यानं काडी ओढू नये." कादंबरी म्हणाली, "आजोबा, काडी म्हणजे मॅचस्टिक ना?" तिला काडी माहीत नव्हती, आणि त्या दिवशी ते तिला बराच वेळ काय काय सांगत बसले. फक्त दोन गोष्टी त्यांना पटल्या नाहीत. एक म्हणजे मशीनच्या बुडाशी असलेल्या बारक्या नळीतून टपटप पाणी पडत होतं. हे धुरातलंच पाणी आहे, धुरातली शेवटची ऊब काढून घेतली की वाफेचं पाणी होतं, असं मी माहितीपत्रक वाचून सांगितलं. दुसरी म्हणजे धुराचा पाइप. त्यांनी बाल्कनीत जाऊन त्यावर पंजा ठेवला आणि परत आले. "चिमणी गार आहे," ते म्हणाले. मी हसलो. म्हटलं, "अप्पा, तीच तर याची कमाल आहे, उष्णता वाया जातच नाही." ते हसले नाहीत. त्यांच्या आयुष्यात गार चिमणीचा एकच अर्थ होता, आग विझली. आणि आग विझली, पाळी संपली, की चिमणीचा डँपर, म्हणजे तो धुराच्या वाटेतला पत्रा, बंद करायचा, नाहीतर रात्रभरात गार वारा आत शिरून बॉयलरचं अंग थंड करतो. सकाळी पहिलं काम डँपर उघडायचं. आता मला सगळं लख्ख दिसतं आहे. मशीन रात्री दहाला आपोआप बंद होत होतं, पाइप गार पडत होता, आणि माझे वडील पंचा घेऊन डँपर बंद करायला जात होते. डँपर नव्हता म्हणून त्यांनी तो केला. पहाटे पाचला उठून ते तो उघडत होते. कोण जाणे किती आठवडे. पंचा घालण्यात त्यांची चूक झालीच नव्हती, त्यांच्या हिशेबानं तो नियम होता. चूक त्या तीन सकाळी झाली, जेव्हा ते उघडायला विसरले.

हेच मला सोसत नव्हतं. विसरणं नवीन नाही. मागच्या वर्षभरात ते आईला दोनदा हाक मारून स्वयंपाकघरात शोधून आले आहेत. औषधाची गोळी घेतली की नाही यावरून रोज वाद. संक्रांतीला आम्ही पानिपतला काला अंबला गेलो होतो, आमच्याकडची बरीच मंडळी जातात तशी. तिथल्या लढाईच्या स्मारकासमोर सगळे हात जोडून उभे, आणि हे मला विचारतात, "आपण कुणाच्या मयताला आलोय?" प्रश्न तसा चुकीचा नव्हता. पण परतताना हायवेच्या कडेला एका वीटभट्टीचा धूर दिसला तसे ते गाडीच्या काचेला नाक लावून म्हणाले, "काळा धूर. हवा कमी पडतेय त्याला, दार थोडं उघडायला पाहिजे." तेव्हा क्षिप्रानं आणि मी आरशातून एकमेकांकडे बघितलं होतं. माणसांची नावं गेली, दिवस गेले, पण आग शाबूत आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. सगळं घर बुडालं तरी एक खोली कोरडी आहे असं समजून तिथं सामान हलवावं, तसं मी त्यांचं सगळं त्या एका खोलीत नेऊन ठेवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तर मी सांगायचो, पण गॅस वगैरे बाबतीत ते माझ्यापेक्षा सावध आहेत. खोटं नव्हतं ते. आता त्या खोलीतही पाणी आलं.

माणूस गेल्यावर क्षिप्रा बाल्कनीत आली. पंचा मी स्टुलावर ठेवला होता, स्क्रू गेलेल्या सुरकुतल्या टोकासह. तिनं तो उचलून बघितला आणि परत ठेवला. ती केंद्र सरकारच्याच एका खात्यात आहे. आम्ही दोघं सकाळी साडेआठला निघतो, ती सहाला येते, मी सातला. कादंबरी अडीचला शाळेतून येते. अडीच ते सहा ती आणि तिचे आजोबा. आजवर आम्ही म्हणत आलो, चला, घरात कुणीतरी मोठं माणूस आहे, बरं आहे. "बॉयलर थांबला," क्षिप्रा म्हणाली. "त्याला कळतं. शेगडीला कळत नाही, सुजय. त्यांनी दुधाखाली गॅस लावला आणि विसरले तर शेगडी थांबणार नाही." मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "मी त्यांना पाठवू या असं म्हणत नाहीये. बिल्कुल नाही. मी फक्त म्हणतेय की हे मला बोलायला लावू नकोस. तू बोल." गुरुग्रामला अशा माणसांसाठी एक घर आहे. नर्स असतात, बाग आहे, दारांना आकड्यांची कुलपं आहेत. दिवाळीत आम्ही जाऊन बघून आलो होतो आणि चांगलं आहे, चांगलं आहे म्हणत परत आलो होतो. तिथल्या बाईंचा शुक्रवारी फोन आला होता, एक खोली रिकामी झाली आहे, सोमवारी दहापर्यंत कळवा. खोली रिकामी कशी झाली ते मी विचारलं नाही. शुक्रवारपासून मी तो विषय, आमच्या कार्यालयात म्हणतात तसा, विचाराधीन ठेवला होता. एखादी फाइल पुरेसे दिवस दाबून ठेवली की प्रश्न आपोआप मरतो, हा माझा अनुभव आहे. माणसांच्या बाबतीत मात्र प्रश्न मरत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला दोष द्यायचा आणि कुणाकडे दाद मागायची?

क्षिप्रा आत गेली तशी कादंबरी पुढे आली. "बाबा, तुम्ही झूठ का बोललात?" तिनं विचारलं. खोटं हा शब्द तिला येतो, पण रागात तिची मराठी दिल्लीची होते. "मी तर त्या पाइपला टचपण नाही केलं." मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "आजोबा अर्ली मॉर्निंग बाल्कनीत जातात, मला माहितीये. मला वाटलं कबुतरांना दाणे टाकतात." म्हणजे घरात एकीला ठाऊक होतं. ती गेली, आणि मला आमच्या कारखान्याच्या कॉलनीतलं दार आठवलं. हिरवं, खालून कुजलेलं. त्या दारात मी अकरा वर्षांचा उभा आहे, आणि समोर अण्णासाहेब.

अण्णासाहेब म्हणजे अप्पांचा जोडीदार. वयानं दहा-बारा वर्षांनी मोठे, पण दोघे एकाच वर्षी कारखान्यावर लागले, एकाच वर्षी परीक्षा देऊन अटेंडंट झाले, एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू. अप्पा घरी येताना ते वाटेत भेटायचे आणि तिथंच पाच मिनिटं उभ्यानं विडी व्हायची. त्यांच्या बायकोकडून, विठाबाईंकडून, शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा यायचा, आमच्याकडून तो रिकामा कधी परत जायचा नाही. मला पोहायला अण्णासाहेबांनी शिकवलं. एका हंगामात ते विसरायला लागले. चपला विसरायचे, पाळी विसरायचे, एकदा मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. सगळे हसायचे, तेही हसायचे. मग एका सकाळी त्यांनी डँपर न उघडताच भट्टीतली उसाची चिपाडं पेटवली. आग आत जायला जागा नव्हती, ती दारातून बाहेर आली. समोरच्या माणसाच्या भुवया आणि हातावरचे केस तेवढे गेले, नशीब. पाळी बदलायला पोचलेले अप्पा तिथंच होते. बाकीचे म्हणाले, झाकून टाकू, हंगाम संपायला दीड महिना आहे, दोन-तीन वर्षांत म्हातारा निवृत्त होईलच. अप्पांनी त्याच दुपारी रिपोर्ट लिहिला. स्वच्छ अक्षरात, आमच्या जेवणाच्या पाटावर बसून. अण्णासाहेबांना बॉयलरवरून काढून वजनकाट्याच्या फाटकावर बसवलं. त्यांना हे कुणी केलं ते कळायला वेळ लागला नाही. त्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. भांडायला नाही. त्यांना फक्त विचारायचं होतं. अप्पा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. ते मला म्हणाले, "जा, सांग अप्पा घरी नाहीत." मी जाऊन सांगितलं. अण्णासाहेबांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. अप्पांच्या चपला उंबऱ्यातच होत्या. "बरं," ते म्हणाले, "आल्यावर सांग, मी आलो होतो." दुसऱ्या दिवशी विठाबाईंनी त्यांच्याकडे राहिलेला आमचा एक डबा परत पाठवला, घासून, रिकामा. अण्णासाहेब फाटकावरच्या स्टुलावर दोन वर्षं बसले आणि मग गेले. मी अप्पांना पुष्कळ दिवस मनात माफ केलं नव्हतं. रिपोर्टबद्दल नाही, त्या चपलांबद्दल.

"हा कुठं मिळाला?" अप्पा बाल्कनीच्या दारात उभे होते, कानटोपी, स्वेटर, त्यावर शाल. त्यांचं लक्ष पंच्याकडे होतं. मी म्हणालो, "पाइपात." खोटं बोलायला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी खालच्या पायरीवर आता कुणी उरलं नव्हतं. ते पुढे आले. पाइपाचं तोंड बघितलं, हात उंचावून त्याची कड चाचपली, वरची जाळी हलवून बघितली. आजारी माणूस गेला आणि पाळीवरचा माणूस आला, असं वाटावं इतका त्यांचा आवाज बदलला. "धुराची वाट बंद होती?" हो, म्हटलं. "आणि बॉयलर लावला होता?" म्हटलं, "लावायचा प्रयत्न केला, तो पेटला नाही. बंद पडला." "शहाणा आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "किती वेळा?" "तीन." त्यांनी बोटं मोडली, जशी ते कारखान्यावर काही बिघडलं की मोडत. "एकदा होतं, चूक म्हणता येते. तीनदा म्हणजे त्या माणसाच्या डोक्यात राहत नाही. हे बघ, सुजय. ज्यानं केलंय त्याचं नाव चारचौघांत घेऊ नको. मोठा माणूस असेल, घरदार असेल. पण त्याला आगीजवळ ठेवायचा नाही. आजच काढायचा. उद्या नाही, आज. दया केली की दुसराच कुणीतरी मरतो." ते आत कादंबरीच्या खोलीकडे बघत होते. "लहान पोर आहे घरात," ते म्हणाले.

मी म्हणू शकत होतो, अप्पा, असू द्या, पंचा मीच घातला. त्यांनी मला लगेच काढला असता आणि आम्ही दोघं हसलो असतो. पण त्यांनी पंचा उचलला होता, आणि बोटं त्याच्या टोकाशी पोचली होती. गाठ सुटली होती तरी कापडाला तिची मोड होती, बोटभर टोक सोडलेली. त्यांनी ती मोड अंगठ्यानं पुन्हा पुन्हा चाचपली. मग डोळे मिटून, बोटांना विचारल्यासारखी, शेजारच्या टोकाला नवी गाठ मारली आणि दोन्हींकडे बघितलं. खालून कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न आला. "माझाच आहे," ते म्हणाले. त्यात रडं नव्हतं, राग नव्हता. "अप्पा," मी म्हणालो, "तुमच्या दृष्टीनं तुम्ही बरोबरच..." "कागद आण," ते म्हणाले.

मी कादंबरीची रेघी वही आणली. ते डायनिंग टेबलाशी बसले, ताठ. क्षिप्रा ओट्यापाशी उभी होती, तिनं गॅस बंद केला. अप्पा सांगत गेले, मी लिहीत गेलो. मी दिवसभर कार्यालयात लिहितोच, दुसऱ्यांच्या वतीनं, कर्मणी प्रयोगात, जिथं काहीही कुणी करत नाही, सगळं केलं जातं. त्यांनी तसं लिहू दिलं नाही. "धुराची वाट बंद आढळली, असं नको," ते म्हणाले. "कुणी बंद केली ते लिही. नाव लिही." माझा हात थांबला. "लिही, गुलाबराव. वय किती माझं?" मी सांगितलं. "वय लिही. बंद करून उघडण्यास विसरले. तीन वेळा. कुणास इजा नाही. सदर इसमास आगीच्या कामावरून त्वरित दूर करावे, व एकटे ठेवू नये." हे शेवटचं वाक्य मी लिहिलं, पण मला त्याचा अर्थ लागायला वेळ लागला. एकटे ठेवू नये. त्यांनी पेन घेतलं आणि खाली सही केली, लांबलचक, कारखान्याच्या रजिस्टरात करत तशी, आणि तारीख घातली ती मात्र चौतीस वर्षांपूर्वीची, अण्णासाहेबांच्या त्या हंगामातली. क्षिप्रा तोंडाला पदर नाही म्हणून ओढणी लावून आत निघून गेली. अप्पा म्हणाले, "आता मी जरा पडतो." मी त्यांना खोलीत नेलं. रेडिएटर तापला होता. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "छान आहे." मग झोपले.

चारला उठले तेव्हा त्यांना काहीही आठवत नव्हतं. चहा घेतला, दोन बिस्किटं घेतली, कादंबरीला काडेपेटीचं कोडं घातलं. माझा पंचा कुठं आहे, असं मात्र संध्याकाळभर विचारत राहिले. मी दुसरा दिला. हा माझा नाही, ते म्हणाले, आणि तरी खांद्यावर टाकला. मला आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, सुटल्यासारखं. मग हळूहळू कळलं की सुटले ते. त्यांनी निकाल दिला, सही केली आणि तो माझ्या हातात ठेवून निघून गेले. आता तो बजावायचा होता, आणि तोही अशा माणसाला, ज्यानं तो कधी दिलाच नाही. शिक्षा ऐकताना तरी माणसाला आपण काय केलं ते ठाऊक असावं. क्षिप्रा म्हणाली, "कागद आहे ना, दाखव त्यांना." मी म्हणालो, "उद्या." तिनं माझ्याकडे बघितलं. उद्या नाही, आज, असं तेच म्हणाले होते, ते तिनंही ऐकलं होतं.

सोमवारी सकाळी सातला मशीन लागलं. मी बाल्कनीच्या दाराशी उभा राहून ऐकलं. पंखा, बराच वेळ नुसता पंखा. मग टिक टिक टिक. मग ज्योत. पाइपाच्या तोंडातून पांढरी वाफ निघून धुक्यात मिसळत होती. आंघोळ करून आलो तर अप्पा डायनिंग टेबलाशी बसले होते आणि त्यांच्या हातात ती वही होती. मीच रात्री तिथं ठेवली होती. मुद्दाम ठेवली होती, हे आता कबूल करतो. आपल्याला सांगावं लागू नये म्हणून. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलो नव्हतो एवढंच. चष्मा लावून त्यांनी ते पान सावकाश वाचलं, ओठ हलवत. फोन माझ्या खिशात होता, दहाला अजून अडीच तास होते. क्षिप्रानं पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या आणि ती कादंबरीची वेणी घालायला आत गेली.

"रिपोर्ट चांगला झालाय," अप्पा म्हणाले. त्यांनी सहीवर बोट ठेवलं, मग तारखेवर. तारखेनं त्यांना कुठं नेलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. वर लिहिलेलं नाव त्यांनी वाचलं होतं की नाही, कोण जाणे. "कठीण असतं रे," ते म्हणाले. "इतकी वर्षं बरोबर काढली. पण इलाज नाही. त्याला काढायलाच पाहिजे." मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसलो. "त्याला कळवलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नाही अजून." त्यांनी वही मिटली, माझ्याकडे सरकवली, आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. हात उबदार होता. "मग तू सांग," ते म्हणाले. "माझ्याच्यानं नाही होणार. तो दारात आला तर मला त्याच्याकडे बघवणार नाही. तू नीट सांग, तुझं ऐकेल तो." मी म्हणालो, "सांगतो, अप्पा." त्यांनी मान हलवली. मग काहीतरी आठवून परत माझ्याकडे वळले. "पण उपाशीपोटी सांगू नको त्याला. आधी काही खायला घाल, मग सांग."

मी त्यांच्यासमोरची बशी जवळ सरकवली आणि चमचा त्यांच्या हातात दिला.